नुसतं बघितलंच ना!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अनोळखी पुरुष टक लावून बघतो अशी तक्रार बाईने केली की उत्तर ठरलेलं असतं : ‘नुसतं बघितलंच ना, हात तर लावला नाही.’ पाठोपाठ दुसरं येतं : ‘तो बघतोय हे तुला कसं कळलं? म्हणजे तूही बघत होतीस.’ या दोन वाक्यांवर विषय मिटतो. तो इतक्या स्वस्तात मिटू नये म्हणून हे पत्र. बघणं वेगळं आणि टक लावणं वेगळं. हा फरक शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसालाही ओळखता येतो, फक्त काय बघायचं ते ठाऊक हवं.

आधी दुसऱ्या वाक्याचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. कोण कुठे बघतंय हे कळायला त्याच्याकडे रोखून बघावं लागत नाही. माणसाच्या डोळ्यात बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं भरपूर दिसतं. हिरोमी कोबायाशी आणि शिरो कोशिमा यांनी १९९७ साली माणसाचे डोळे वानरकुळातल्या इतर प्राण्यांच्या डोळ्यांशी ताडून पाहिले आणि हे वेगळेपण नोंदवलं. या पांढऱ्यामुळे बुबुळ कुठल्या कोपऱ्यात सरकलंय हे लांबूनही समजतं. शिवाय गर्दीतली माणसं सारखी हलत असतात. फलाटावरची कुठलीही मान घ्या : घड्याळ, रूळ, फोन, शेजारचा, पुन्हा घड्याळ. या सगळ्या हलत्या मानांत एकच चेहरा दहा सेकंद जागचा हलला नाही तर तो डोळ्याच्या कोपऱ्यात खुपतोच. (पाठीमागून कुणी बघतंय असं ‘जाणवण्या’ची गोष्ट निराळी. एडवर्ड टिचनर यांनी १८९८ सालीच त्याचा उलगडा केला होता : तसं वाटून आपण मान वळवतो, त्या हालचालीमुळे मागच्याची नजर आपल्याकडे वळते, आणि नजरानजर झाली की वाटतं, बघा, बघतच होता! बायकांची तक्रार सहसा या प्रकारची नसते. ती समोरच्या आणि बाजूच्या नजरेबद्दल असते.)

अनोळखी लोकांत कसं बघायचं याचा एक शिष्टाचार असतो आणि तो कुणी शिकवलेला नसतो. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. रस्त्यात समोरून येणाऱ्याकडे साधारण आठ फुटांपर्यंत बघायचं, मग जवळून जाताना नजर खाली घ्यायची. समोरून गाडी आली की आपण दिवे मंद करतो तसं. पहिल्या बघण्यात ‘तू इथे आहेस हे मला दिसलं’ एवढी दखल असते. नजर काढून घेण्यात ‘तुझ्याकडून मला काही नको’ हे सांगणं असतं. टक लावणारा पहिलं करतो आणि दुसरं करायचं नाकारतो.

म्हणून कसोटी घड्याळाची नाही. बघताना पकडलं गेल्यावर काय होतं, ते पाहावं. तिने मान वर केली, नजरानजर झाली. साधा माणूस त्या क्षणी दचकतो, ओशाळतो, भलतीकडेच बघायला लागतो. विचारात हरवलेल्या माणसाची नजरही कधी कधी कुणावर तरी टेकलेली असते, पण त्याचे डोळे आधी जागे होताना दिसतात आणि मग हलतात. टक लावणाऱ्याचे डोळे तिथेच राहतात. किंवा हटतात, आणि तिने मान फिरवली की परत येतात. किंवा चेहऱ्यावरून खाली उतरतात, पायांपर्यंत जातात आणि सावकाश वर चढतात. हे जाणं-येणं चुकून होत नाही. यातलं काहीही दोनदा घडलं की तिचा संशय फिटतो.

सेकंदांचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी एक आकडा आहे, पण तो जपून वापरावा. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात सुमारे ५०० लोकांना पडद्यावरच्या चेहऱ्याच्या नजरेला नजर द्यायला सांगितलं होतं; २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. किती वेळ बरं वाटतं याची सरासरी ३.३ सेकंद निघाली. पण समोरचा चेहरा चित्रफितीतल्या नटाचा होता, बसणारे राजीखुशीने बसले होते आणि नजर डोळ्यांत होती. त्यावरून ‘तीन सेकंदांची मुभा’ काढणारे हुशार लोक भेटतात. रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या कमरेला हा आकडा लागू होत नाही.

आता तिच्या बाजूने काय घडतं ते. भीती हा शब्द सगळे वापरतात, पण पहिली येते ती बहुधा भीती नसते. पहिल्यांदा हात कपड्याकडे जातो : बटण उघडं आहे का, मागे डाग पडलाय का, चेहऱ्याला काही लागलंय का. बघणारा तो, आणि झडती स्वतःची. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे. सतत बघितलं गेल्याने बाई स्वतःच्या शरीराकडे परक्याच्या नजरेने बघायला शिकते, आणि मग हा पहारा कुणी बघत नसतानाही चालू राहतो. झडती झाली की चीड येते, चिडीत किळस मिसळलेली असते. त्यानंतर हिशेब सुरू होतो. डब्यात आणखी किती जण आहेत, त्यात बायका किती, दार कुठल्या बाजूला, पुढचा थांबा किती मिनिटांवर, तो आपल्या आधी उतरेल की मागोमाग, फोनला चार्जिंग किती उरलंय. बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. कुठल्या वेळी होणार हे आधी कळत नसल्याने हिशेब मात्र दर वेळी करावा लागतो. बघणाऱ्याला हे सगळं फुकट पडतं.

रात्रीच्या प्रवासातली खिडकी घ्या. बाहेर अंधार आणि आत दिवे, त्यामुळे काचेचा आरसा होतो. बाई खिडकीकडे तोंड करून बसलेली असते. समोरच्या बाकावरचा तिच्याकडे थेट बघत नाही, काचेतल्या तिच्याकडे बघतो. त्याला वाटतं, यात आपण दिसत नाही. पण काचेत त्याला तिचे डोळे दिसत असतील तर तिलाही त्याचे दिसतातच, आरशाचा नियमच तसा आहे. ती नजर काचेवरून काढून मांडीवरच्या बॅगेवर आणते. चेन उगीच उघडते, लावते. कानात हेडफोन असतात आणि गाणं केव्हाच बंद केलेलं असतं, मागून पावलं आली तर ऐकू यावीत म्हणून. पलीकडून बघणाऱ्या कुणालाही ती निवांत बसलेलीच वाटेल.

नजरेने काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी काही प्रयोग पाहावेत. फीबी एल्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या चालकांवर टक लावण्याचा प्रयोग केला. हिरवा दिवा लागल्यावर ज्यांच्याकडे टक लावली होती ते इतरांपेक्षा लवकर चौक ओलांडून पळाले. त्यांत पुरुषही होते, आणि सगळे गाडीच्या पत्र्याआड सुरक्षित बसलेले होते. तमार सागी आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं होतं. काहींचा नुसता आवाज घेतला, काहींचा चेहरा टिपला, काहींचं गळ्याखालचं शरीर. आपलं गळ्याखालचं शरीर एखादा पुरुष बघणार आहे अशी समजूत असलेल्या मुली कमी वेळ बोलल्या. मुलांच्या बोलण्यावर तसा परिणाम झाला नाही. सारा जर्वेस यांच्या २०११ सालच्या प्रयोगात मुलाखतीच्या वेळी समोरच्याने शरीरावरून नजर फिरवल्यानंतर मुलींची गणितं जास्त चुकली, मुलांची नाही.

याच शेवटच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी अर्धवट सांगेल. त्या मुलींनी नजर फिरवणाऱ्या त्या समोरच्याशी पुढे बोलण्याची तयारी जास्त दाखवली. यावरून ‘बघा, आवडतंच’ असा निष्कर्ष काढायची घाई होते. पण तिथे समोर बसलेला एकत्र काम करायचा सोबती होता, त्याचं आपल्याबद्दलचं मत मोलाचं होतं. फलाटावरच्या परक्याच्या मताला कसलं मोल?

सगळ्या बायकांना एकच वाटतं असंही म्हणता येणार नाही. कौतुकाची नजर असते, ती सुखावतेही. ती क्षणभर येते आणि हसून निघून जाते. नटूनथटून निघालेल्या बाईला आपल्याकडे बघितलं जाणार हे ठाऊक असतं. ‘मग टक लावली तर बिघडलं काय’ हे मात्र त्यातून निघत नाही. दुकानाची काच सजवलेली असते म्हणून कुणी तिला तोंड लावून उभं राहत नाही. शाळकरी मुलींची गोष्ट सगळ्यांत अवघड. त्यांना हे पहिल्यांदा घडतं तेव्हा त्यासाठी शब्दच नसतो, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं त्या धरून चालतात. घरी सांगतात ते बहुधा ‘मला त्या रस्त्याने जायचं नाही’ एवढंच. चाकाच्या खुर्चीतली, भाजल्याचे व्रण असलेली, फार उंच किंवा फार ठेंगणी बाई दोन प्रकारच्या नजरा झेलते, आणि त्यातली कुतूहलाची नजर तर पोराबाळांसह अख्खं कुटुंब मिळून लावतं. बायकाही बायकांना नखशिखांत न्याहाळतात. त्याने राग येतो, कमीपणा वाटतो, पण दार कुठे आहे हे शोधावं लागत नाही.

आता कामाचं. खाली जे लिहिलंय ती बायकांची जबाबदारी आहे असं कृपा करून कुणी वाचू नये. जोवर बघणारे थांबत नाहीत तोवर काय उपयोगी पडतं आणि काय पडत नाही, एवढंच त्यात आहे.

सगळ्यांत स्वस्त उपाय नजरेची रेघ तोडण्याचा. त्याच्या आणि तुमच्या मध्ये खांब, दाराचा कठडा किंवा एखादा जाडजूड माणूस येईल असं अर्धं पाऊल सरका. पूर्ण पाठ फिरवू नका, तो काय करतोय हे कळेनासं होतं. खांदा तिरका करून उभं राहिलं की डोळ्याच्या कोपऱ्यात तो राहतो. भाड्याच्या गाडीत चालकाच्या बरोबर मागे बसलं की आतल्या आरशातून बघायला त्याला अवघड जातं. तिरप्या सीटवर तुम्ही आरशात आयत्याच सापडता. त्याचे डोळे आरशात दिसत असतील तर ‘आरसा मागच्या काचेवर घ्या’ असं सरळ सांगता येतं, तो असतोच त्यासाठी. खोटा फोन लावायची युक्ती सगळ्या जणी करतात. तिने आपण एकट्या नाही असं दिसतं हे खरं, पण बोलण्याचं नाटक करण्यात लक्ष अर्धं होतं आणि मध्येच खरा फोन वाजला तर फजिती. त्यापेक्षा खरोखरच कुणाला तरी लावावा. गॉगलने आपली नजर झाकली जाते, त्यामुळे त्याला हवी असलेली प्रतिक्रिया मिळत नाही. पण ‘मी तुला बघितलंय’ हे सांगायची सोयही जाते.

उलट टक लावावी का? गर्दी असेल तर चालतं. एक-दोन सेकंद, कोऱ्या चेहऱ्याने, आणि नजर काढताना खाली न घेता बाजूला घ्यावी. खाली घेतलेली नजर लाजणं किंवा घाबरणं समजली जाते. कसंनुसं हसू नये; अवघडलेपणामुळे येणारं ते हसू तो आपल्या सोयीने वाचतो. जागा निर्मनुष्य असेल तर या फंदात पडू नये, कारण काहींना तेच आव्हान वाटतं आणि काहींना आमंत्रण.

बोलायचं ठरवलं तर शब्द आधी ठरलेले हवेत. ‘काय बघतोस रे?’ हा प्रश्न हमखास फसतो. प्रश्न आला की उत्तर येतं, ‘कुठे काय?’ किंवा ‘तुझ्याकडे कोण बघतंय?’ आणि वाद तुमच्या दिसण्यावर घसरतो. त्यापेक्षा जे घडतंय ते सांगून काय करायचं ते सांगावं : ‘अहो निळा शर्ट, तुम्ही मघापासून माझ्याकडे टक लावून बघताय. बघणं थांबवा.’ इथे ‘अहो’ आदराचा नाही. अरेतुरे केलं की आजूबाजूच्यांना वाटतं, घरातलं भांडण दिसतंय, आपण कशाला पडा. ‘अहो’ म्हटलं की हा परका आहे हे डब्याला कळतं. शर्टाचा रंग घेतला की दहा माना त्या रंगाकडे वळतात आणि आता टक त्याच्यावर लागते. एकदाच म्हणावं आणि गप्प बसावं. खुलासे देत बसलं की जोर जातो.

तो मागे येतोय असं वाटलं तर एकाच बाजूला चार वळणं घ्यावीत. चार वळणांनी माणूस निघाला तिथेच येतो, आणि इतका वळसा घालून कामाला जाणारा कुणी नसतो. तरीही तो मागे असेल तर घरी जाऊ नये, घर दाखवणं होतं. जिथे कामावरची माणसं आहेत अशा उजेडाच्या जागी शिरावं. सुनसान थांब्यावर एक थांबा आधी उतरून त्याला चुकवायला जाऊ नये. डबा बदलायचा तर दारं लागायच्या बेतात असताना बदलावा.

शेजारच्या माणसाला यातलं सगळ्यांत सोपं काम असतं आणि तेच होत नाही, कारण मदत म्हणजे भांडण असं आपण धरून चालतो. मध्ये येऊन उभं राहायचं, तोंड खिडकीकडे आणि पाठ त्या माणसाकडे. बस, झालं. किंवा तिला वेळ विचारायची, ही गाडी अमुक ठिकाणी थांबते का ते विचारायचं. तिला सोडवायला आल्याचा आव आणला तर तिला तुमच्याही नजरेचा हिशेब करावा लागतो, म्हणून प्रश्न एकच आणि नंतर लांब. चित्रण केलंत तर ते तिच्या हवाली करा. परस्पर चव्हाट्यावर टाकलंत तर जी नजर चुकवायला ती धडपडत होती तीच हजारपट करून तुम्ही तिच्यावर सोडता.

पुरुष विचारतात, समोरासमोर बाकं असली तर बघायचं तरी कुठे? प्रश्न रास्त आहे. नजर सतत कुठेतरी जात राहू द्या : बाहेर, दारावरच्या पाटीवर, स्वतःच्या बुटांवर. नजर चुकून अडकली आणि तिने पाहिलं तर हसून सारवासारव करू नका, नुसती नजर काढा आणि परत नेऊ नका. रात्री रिकाम्या रस्त्यावर पुढे बाई चालत असेल तर पलीकडची कड धरा किंवा एक मिनिट थांबा. वेग वाढवून तिला मागे टाकायचा सज्जन विचार मनात येतो. तिच्या कानाला मात्र पाठीमागून वाढत येणारी पावलंच ऐकू जातात.

काही दोष बांधणाऱ्यांचेही आहेत. पायऱ्यांमधल्या उभ्या फटी उघड्या ठेवलेले जिने, काचेचे कठडे, आणि खाली बसायची बाकं! आराखड्यावर सही करणाऱ्याने स्कर्ट घालून तो जिना एकदाही चढलेला नसतो. थांब्यावर एकच प्रखर दिवा आणि भोवती काळोख हीदेखील नेहमीची चूक. उजेडात उभी असलेली बाई सगळ्यांना दिसते, तिला कुणीच दिसत नाही. दिवे कमी ताकदीचे पण जास्त आणि सारख्या अंतरावर लावले तर तिलाही समोरचा चेहरा ओळखता येतो. लंडनच्या वाहतूक यंत्रणेने २०२१ साली गाड्यांत लावलेल्या फलकांत लैंगिक हेतूने टक लावणं हा छळ आहे असं स्पष्ट छापलं. त्याने बघणारे किती सुधारले ते सोडा, तक्रार करणारीला बोट दाखवायला एक ओळ तरी मिळाली.

तशी ओळ आपल्या वृत्तपत्राकडूनही मिळावी अशी विनंती. बातमीत ‘रोडरोमिओ’ हा शब्द छापू नका. त्यात प्रेमाचा वास आहे आणि गंमतीचाही. ‘छेडछाड’ म्हटलं की नेमकं काय घडलं हे झाकलं जातं. किती वेळ बघत होता, किती अंतरावर होता, नजर हटवायला सांगितल्यावर काय केलं, मागे गेला का, एवढं लिहा. तिने काय घातलं होतं ते लिहू नका. आणि अशा बातमीसोबत तोंड झाकून बसलेल्या बाईचं ते नेहमीचं चित्र असतं ना, ते काढून टाका. तिने तोंड कशाला झाकायचं? त्या जागी रिकाम्या बाकाचं छापलंत तरी चालेल.

आपली,
एक वाचक